रॉकेलात टाकण्याआधी दहा भुंगेरे बाजूला काढा

वळवाची एखादी दमदार सर पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबाखाली किंवा बाभळीखाली जाऊन उभे राहा. जमिनीतून निघालेले तपकिरी भुंगेरे घोंघावत झाडावर येतात, पाला कुरतडतात, तिथेच त्यांची जोडी जमते आणि उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीची सुरुवात इथे आहे. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, अंधार पडल्यापासून दोन-तीन तास प्रकाश सापळा चालू ठेवायचा. माळशिरस, पंढरपूरकडच्या ऊसवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. एकट्याने करून मात्र भागत नाही, शेजारच्या बांधावरचे झाडही हलले पाहिजे.

यंदा एक काम वाढवा. त्यातले दहा-बारा भुंगेरे रॉकेलात न टाकता जपून ठेवा, कारण आपण ज्याला सरसकट हुमणी म्हणतो ती एक जात नाही. नदीकाठच्या रानात ल्युकोफोलिस, माळरानात होलोट्रिकिया, शिवाय फायलोग्नॅथस आणि ॲडोरेटस, ही त्यांची शास्त्रीय नावे. सगळ्यांची बाहेर पडण्याची वेळ आणि खायची झाडे एकसारखी नसतात. भीमेकाठच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय सांगोल्याच्या माळावर जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

मग ओळखायचे कशावरून? शिकलेली पोरे लगेच मोबाईलवर फोटो टाकतात. नाव येते, पण तपकिरी भुंगेऱ्यांच्या बाबतीत त्या नावावर विसंबू नये. वरून सगळे सारखेच दिसतात. भारतातल्या भुंगेऱ्यांचा मोठा आधार म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही जुनी इंग्रजी ग्रंथमाला. तिचे बरेच खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. हुमणीच्या गोतावळ्यावरचे खंड गिल्बर्ट ॲरो यांनी लिहिले. १९१० च्या खंडात गेंड्या भुंग्याचे कुळ आहे, त्यात फायलोग्नॅथस सापडतो. १९१७ च्या खंडात ॲडोरेटस आहे. १९३१ चा खंड शेणकिड्यांचा. आणि गंमत अशी की होलोट्रिकिया व ल्युकोफोलिस ज्या गटात मोडतात, तो गट या मालेत आलाच नाही! आपला सर्वांत मोठा शत्रू नेमका त्या पुस्तकात नाही. हे माहीत नसले तर माणूस पानेच्या पाने उलटतो आणि शेवटी जवळपास तशाच दिसणाऱ्या भलत्याच चित्रावर बोट ठेवतो. मीही एकदा ठेवले होते.

लेफ्रॉय यांचे १९०९ चे ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ आणि फ्लेचर यांचे १९१४ चे ‘सम साउथ इंडियन इन्सेक्ट्स’ ही दोन पुस्तके चाळायला सोपी आहेत. किडीच्या सवयी त्यांत छान दिल्या आहेत. मात्र दोन पथ्ये पाळा. शंभर वर्षांत शास्त्रीय नावे बरीच बदलली आहेत, म्हणून जुने नाव ताडून घ्या. आणि त्या काळातली शिसे-आर्सेनिकची विषे चुकूनही उचलू नका. नावासाठी जुने पुस्तक चालेल. औषध आणि मात्रा मात्र राहुरी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या ‘कृषिदर्शनी’तूनच घ्या.

नमुना ठेवायची पद्धत साधी आहे. मोठा भुंगेरा वाळवून टाचणीवर ठेवतात; टाचणी मधोमध नाही, उजव्या कवचपंखातून जाते. डब्यात डांबरगोळी ठेवा, नाहीतर मुंग्या फडशा पाडतात. अळी मात्र वाळवू नका. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवली तर ती काळी पडत नाही. सोबत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी: गाव, तारीख, पीक, कोणत्या झाडावर किंवा किती खोलीवर सापडली. चिठ्ठी नसलेला नमुना कोणालाच उपयोगी पडत नाही.

हुमणीच्या अळीच्या शेवटच्या वळ्याखाली बारीक काट्यांची नक्षी असते. जात ठरते ती त्यावरून, म्हणून फोटो काढताना अळी उलटी करून शेपटाकडचाही काढा. शेणखताच्या ढिगात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की लगेच घाबरू नका. अळी सपाट जागेवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटू लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेले खाणारी. ती हुमणी नव्हे. फार मोठी असेल तर गेंड्या भुंग्याची असू शकते. हा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो, म्हणून घराजवळ नारळ असेल तर ती वेचून काढा.

डाळिंबवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या घोळक्यात त्याच्यासारखीच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांची, पण मोठी आणि चपळ अळी दिसली तर ती हे ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस या मित्र भुंगेऱ्याची असते. ढेकूण समजून तिच्यावर फवारणी करणारे दरवर्षी भेटतात. वांग्यातही अशीच फसगत होते. तिथला ठिपक्यांचा, मखमली लव असलेला निस्तेज भुंगेरा पाने खरवडतो. मावा खाणारा ढालकिडा चकचकीत असतो. डाळिंबाच्या खोडा-फांदीवर टाचणीएवढी छिद्रे आणि भुसा दिसला तर ती फांदी चिरून आतले भुंगेरे स्पिरिटात घ्या आणि सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.

इतर नमुने आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. तिथे उकल झाली नाही तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे; विचारून जा, आणि नर-मादी मिळतील असे एकाच ठिकाणचे चार-पाच तरी भुंगेरे न्या. मृगाचा लाल मखमली किडा मात्र डब्यात कोंबू नका. त्याला आठ पाय असतात, तो भुंगेरा नाहीच.