चेंडूवरून नजर काढा: अमेरिकन फुटबॉलचे पंच ब्लॉक कसे वाटून घेतात

क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या टोकाचा पंच पुढचा पाय आणि पायचीत बघतो, स्क्वेअर लेगचा पंच यष्टिचीत आणि त्याच्या टोकाचा धावचीत. ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याकडे लक्षही जात नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशीच वाटणी आहे, पण ती कळल्याशिवाय पिवळा फ्लॅग (फाउल दिसला की पंच टाकतो ते फडकं) कशासाठी पडला हे कळत नाही. पडद्यावर आपण चेंडू बघत असतो आणि गुन्हा दहा यार्ड लांब घडलेला असतो.

इथे अमेरिकेत मुलांच्या सामन्यांना मी दोन हंगाम पंच म्हणून उभी राहिले. माझ्या पहिल्याच सामन्यात चेंडू घेतलेला मुलगा माझ्या बाजूने सुसाट निघाला आणि माझी नजर त्याच्यामागे गेली. वळून बघते तर बचावाचा एक मुलगा आडवा, त्याची जर्सी खांद्यावरून कोपरापर्यंत ओढलेली. त्याला कुणी, कसं धरलं हे मी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे फ्लॅग टाकता आला नाही. त्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते. ही वाटणी मनापासून शिकले ती त्यानंतर.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते बघू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला बचावाचे खेळाडू धरून पाडू शकतात. चढाईचे, म्हणजे चेंडू असलेल्या संघाचे, बाकीचे खेळाडू त्याच्यासाठी वाट मोकळी करतात: हाताने, छातीने, खांद्याने ढकलून. ढकलायचं, पण धरायचं नाही. धरलं की होल्डिंग, दंड १० यार्ड, म्हणजे संघ तेवढा मागे जातो. पाठीत ढकललं तरी १० यार्ड. एकाने वर आणि दुसऱ्याने गुडघ्याशी असा दुहेरी मारा केला तर त्याला चॉप ब्लॉक म्हणतात. त्यात पाय मोडू शकतो, म्हणून शाळेच्या खेळात दंड १५ यार्ड.

पंच किती, हे पातळीवर ठरतं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सात, मोठ्या कॉलेज सामन्यांत आठ, आणि शुक्रवारी रात्रीच्या हायस्कूल सामन्यांत बहुतेक वेळा पाच. पाचांची वाटणी समजली की बाकीच्या सोप्या जातात, म्हणून तीच घेऊ.

पहिलं काम: कोण कुठे उभा आहे ते ओळखा

पांढरी टोपी घातलेला तो रेफ्री. तो चढाईच्या मागे, क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) फेकत्या हाताच्या बाजूला, साधारण १२ यार्ड मागे उभा असतो. अंपायर बचावाच्या रांगेमागे, अगदी गर्दीच्या तोंडाशी. लाइन्समन आणि लाइन जज दोन्ही कडेच्या रेषांवर, चेंडूच्या समोरासमोर; या दोघांना विंग म्हणतात. बॅक जज खोलवर, सगळ्यांच्या मागे. एनएफएलने २०१० मध्ये अंपायरला बचावाच्या बाजूने काढून चढाईच्या मागे नेलं, कारण मधल्या जागेत त्याला खेळाडूंच्या धडका बसत होत्या. शाळेत तो अजून मध्येच उभा असतो, त्यामुळे ब्लॉक त्याच्याइतक्या जवळून कुणीच बघत नाही.

दुसरं: स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या) आधी आपापला माणूस वाटून घ्या

ही वाटणी सामन्याआधीच्या बैठकीत ठरते आणि प्रत्येक खेळाआधी, म्हणजे प्रत्येक स्नॅपआधी, रचना बघून पक्की होते. चढाईच्या मधल्या फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि दोन्ही गार्ड अंपायरचे. रेफ्री आपल्यापासून लांबचा टॅकल घेतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर रेफ्री उजवीकडे आणि त्याची नजर डाव्या टॅकलवर. यामागचं कारण मला फार आवडतं: फेकायला वळलेल्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, हल्ला त्याला दिसत नाही, तेव्हा तिथे पंचाचा डोळा हवाच. विंग आपल्या बाजूचा टॅकल, टाइट एंड (टॅकलशेजारी उभा राहणारा) आणि बाहेरचे रिसीव्हर (पास झेलणारे) सांभाळतात. एका बाजूला तीन रिसीव्हर आले तर आतल्यांची जबाबदारी सहसा बॅक जजकडे जाते.

तिसरं: पहिल्या पावलावरून खेळ ओळखा

स्नॅप झाला की चेंडू शोधू नका, टॅकलचं हेल्मेट बघा. हेल्मेट खाली आणि शरीर पुढे झेपावलं तर धावण्याचा खेळ. हेल्मेट वर आणि पाय मागे सरकले तर पास. याला अर्धा सेकंदही लागत नाही. पुढे कुणाची नजर कुठे सरकायची हे याच्यावर ठरतं.

धाव असेल तर सगळं लक्ष वाट फुटते तिथे, म्हणजे पॉइंट ऑफ अटॅककडे. समजा चेंडू उजव्या कडेने निघालाय आणि डावा गार्ड रांगेतून निघून पुढे धावतोय. अंपायर त्या दिशेने वळतो आणि गार्डच्या हातांकडे बघतो. त्या बाजूचा विंग पुढे घुसत नाही, उलट दोन पावलं मागे सरकून वाट देतो, म्हणजे धावणाऱ्याच्या पुढचे ब्लॉक त्याच्यासमोर उघडे होतात. रेफ्री रांगेमागचे ब्लॉक बघत मागून येतो. पलीकडच्या विंगचं काम सगळ्यात कठीण: सगळं मैदान उजवीकडे धावत असताना त्याने डावीकडे उरलेल्यांवर नजर ठेवायची. खेळ संपल्यासारखा वाटत असतानाच तिथे कुणीतरी कुणाला पाठीत ढकलतं.

पास असेल तर रेफ्री आपल्या टॅकलवर थांबतो आणि हल्लेखोर जवळ आला की क्वार्टरबॅकवर येतो. अंपायर पुढे सरकत आपल्या तिघांचे हात बघतो. विंग एक नजर जवळच्या टॅकलवर टाकून रिसीव्हरकडे जातात.

चौथं: दिसलं म्हणून लगेच फ्लॅग टाकू नका

हात बचावपटूच्या छातीच्या चौकटीत असतील आणि पाय चालत असतील तर तो चांगला ब्लॉक आहे. बोटांत जर्सी ताणली गेली, हात खांद्याबाहेर जाऊन आकड्यासारखा अडकला, सुटू बघणाऱ्याला फिरवलं किंवा खाली ओढलं, तर होल्डिंग. मग स्वतःला विचारा, यामुळे खेळावर फरक पडला का? चेंडू तीस यार्ड पलीकडे असताना नुसती जर्सी धरली तर बहुतेक पंच त्या मुलाला बोलून सोडतात. दुखापत करणाऱ्या ब्लॉकला मात्र ही सवलत नाही. चॉप ब्लॉक किंवा न बघणाऱ्याला बाजूने उडवणं कुठेही झालं तरी फ्लॅग पडतोच. आणि ब्लॉकची सुरुवात पाहिलेली नसेल तर हात खिशाकडे नेऊ नका. नुसता पडलेला माणूस हा पुरावा नव्हे.

पंटच्या (पायाने मारून चेंडू दुसऱ्या संघाकडे देण्याच्या) परतीच्या धावेत हे सगळं एकदम विस्कटतं. सगळे मोकळ्या मैदानात उलट दिशेने धावतात आणि पाठीत ढकलण्याचे फाउल इथेच भरपूर होतात.

घरी बसून सराव करायचा असेल तर एका सामन्यात फक्त डावा टॅकल बघा, चेंडू नाही. फ्लॅग पडला की आधी तो कुणी टाकला ते शोधा, मग रेफ्रीकडे बघा. त्याने मूठ वळून त्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने पकडलं, तर ते होल्डिंग.