कटर लावायच्या आधी कान झाका
घरी गॅलरीत हौसेने सुतारकाम करणारे गॉगल तरी घालतात पण कानाकडे कुणी बघतच नाही, आणि सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) काय, राउटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन) काय, सहज १०० डेसिबलच्या आसपास जातात. ८५ डेसिबलचा आवाज कानाला ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं! कापसाचा बोळा कामाचा नाही, फोमचे इअरप्लग घ्या, बोटांत पिळून बारीक करा, कान वर ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत दाबून धरा. हातमोजे मात्र फिरत्या ब्लेडजवळ नकोतच, अडकले तर हात आत खेचला जातो. आणि मध्येच कुणी बोलायला आलं तर आधी स्विच सोडा, ब्लेड पूर्ण थांबू दे, मगच मान वळवा, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.