रोजच्या धावपळीत प्रार्थना, वचन, उपास: सुरुवात कशी करायची

बहुतेक जण सगळं एकदम सुरू करतात, पहाटे तासभर प्रार्थना, वर्षभरात अख्खं बायबल, दर शुक्रवारी उपास, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडतं, वर अपराधी वाटत राहतं ते वेगळंच. माझं दोनतीनदा असंच झालंय. म्हणून आधी हेच सांगते, एकच गोष्ट घ्या आणि ती रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांधून टाका, उठल्यावर लगेच किंवा रात्री दिवा मालवायच्या आधी. बायबलमधला संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा, ते त्याचं ठरलेलं होतं, मनात आलं तरच असं नव्हतं.

मी म्हणेन वचनापासून, म्हणजे बायबल वाचण्यापासून सुरू करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत मार्कचं सगळ्यात छोटं, १६च अध्याय, नाहीतर बायबलमधली स्तोत्रं घ्या. पण अध्याय संपवायची घाई नको. पाचसहा ओळी मोठ्याने, हळू वाचायच्या, एखाद्या शब्दाशी मन अडलं की तिथेच थांबून परत वाचायचं, मग त्याच शब्दावरून देवाशी बोलायचं आणि शेवटी दोन मिनिटं नुसतं गप्प बसायचं. गीगो नावाच्या, एकांतात राहणाऱ्या कार्थुशियन संघातल्या ख्रिस्ती साधूने १२व्या शतकात याच चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणं. मी एकदा २३वं स्तोत्र वाचत होते, लहानपणापासून पाठ असलेलं, आणि 'तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो' इथे 'बसवतो' या शब्दापुढे जाताच येईना. मी स्वतःहून कधी बसतच नाही, त्यालाच मला बसवावं लागतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि रडू आलं. त्या दिवशी वाचन तेवढंच झालं आणि तेवढं पुरलं. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा, बायबल फोनवर वाचत असाल तर सरळ छापील प्रत काढा, कारण एक नोटिफिकेशन आलं की मन गेलंच.

दिवसभर कामातच असता? मग कामातच प्रार्थना करा. १७व्या शतकात पॅरिसमधल्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचा आणि तिथेच देवाशी बोलत राहायचा, भांड्यांच्या आवाजातही. छोटं वाक्य ठरवून घ्या, 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर' एवढंच पुरे, जिना चढताना, रांगेत उभं असताना, कोणी चिडून बोललं की उत्तर द्यायच्या आधी मनात म्हणायचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ही येशूची प्रार्थना श्वासाच्या लयीत करतात, तसंही करून बघा.

उपासाचं जरा जपून. आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडून सुरुवात करा, पाणी प्या, आणि डायबिटीस असेल, गरोदर असाल किंवा गोळ्या चालू असतील तर जेवण सोडूच नका, त्याऐवजी एक दिवस सोशल मीडिया सोडा. जेवणाचा जो वेळ वाचतो तो प्रार्थनेला द्यायचा, नाहीतर ते नुसतं उपाशी राहणं झालं. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात देव सांगतो की मला आवडणारा उपास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटणं, तेव्हा वाचलेलं अन्न किंवा पैसे कुणाला तरी द्याच. आणि सांगत फिरायचं नाही, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू म्हणतो तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नको.

रात्री पाच मिनिटं दिवस देवासमोर परत बघायचा, ही पद्धत १६व्या शतकातल्या लोयोलाच्या संत इग्नेशियसची. आधी आभार, मग आज कुठे त्याची सोबत जाणवली, कुठे मी तोडून बोलले, त्याची क्षमा, उद्यासाठी मदत. फक्त चुका मोजत बसू नका हं, आभारांना जास्त वेळ द्या.

आणि खंड पडणारच, आजारपण असतं, लहान मूल रात्रभर जागवतं. चार दिवस राहिले म्हणून चार दिवसांचं एकदम वाचायला बसू नका, आजच्या ओळीपासून धरा. मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सांगून ठेवा आणि आठवड्यातून एकदा फोन करून एकमेकांना एवढंच विचारा, या आठवड्यात कुठला शब्द अडकला आणि तुझ्यासाठी काय प्रार्थना करू.