डिपरचा फोकस: ऊसाची ट्रॉली दिसावी आणि समोरच्याचे डोळेही दिपू नयेत

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा-कोरेगाव-कराड भागातल्या रस्त्यांवर रात्री डावीकडच्या कडेला ऊसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, टायर फुटलेली ट्रॉली तर अंधारात तशीच उभी असते. समोरून गाड्या येत असल्याने अप्पर (लांब जाणारा उजेड) लावता येत नाही, डिपरवरच (खाली रस्त्यावर पडणारा उजेड) भागवावं लागतं. ती ट्रॉली डिपरवर वेळेत दिसेल का, हे बल्ब किती वॅटचा आहे यापेक्षा उजेडाची वरची कड कुठे आहे यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून काम या क्रमाने करा: आधी फोकस, म्हणजे उजेडाची दिशा, मग बल्बपर्यंत पोचणारा व्होल्टेज, मग काच, आणि सगळ्यात शेवटी बल्ब. बहुतेक जण नेमकी उलटी सुरुवात करतात.

डिपरची कड कशी तयार होते

हॅलोजनच्या एच-4 बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. अप्परची तार दिव्यातल्या रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या खोलगट भागाच्या, केंद्रबिंदूजवळ असते, त्यामुळे उजेड सरळ लांब जातो. डिपरची तार थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी बसवलेली असते. वाटीमुळे खालच्या बाजूचा उजेड अडतो, रिफ्लेक्टरचा वरचा भागच उजळतो आणि तो उजेड खाली रस्त्याकडे जातो. या वाटीची एक कड 15 अंशांनी तिरकी कापलेली असते. म्हणून भिंतीवर उजवीकडे आडवी सपाट रेघ दिसते आणि मधल्या कोपऱ्यापासून डावीकडे ती 15 अंशांनी वर चढत जाते.

प्रोजेक्टर दिव्यात हेच काम वेगळ्या वाटेने होतं. लंबवर्तुळाकार रिफ्लेक्टर उजेड एका जागी गोळा करतो, तिथे पत्र्याचा पडदा असतो आणि पुढचं भिंग त्या पडद्याच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकतं. कडेला दिसणारी निळसर झाक त्या भिंगामुळेच येते, तो बिघाड नाही.

ही तिरकी कड काय करते ते आकड्यांत बघा. दिवा जमिनीपासून 70 सेंमी उंच आणि फोकस 1 टक्का खाली, म्हणजे 10 मीटरवर 10 सेंमी खाली आहे असं धरा. उजव्या बाजूला 60 मीटरवर उजेडाची कड जमिनीपासून फक्त 10 सेंमी उंच असते, त्यामुळे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत काही जात नाही. पण त्याच 60 मीटरवर, दिव्याच्या रेषेपासून 3 मीटर डावीकडे उभ्या असलेल्या ट्रॉलीवर कड साधारण 90 सेंमीपर्यंत चढलेली असते. चाकं, चासी आणि ऊसाचा खालचा भाग एवढं उजळलं की ट्रॉली ओळखू येते.

ताशी 60 किमी वेगाला दीड सेकंदाची प्रतिक्रिया आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला, तर थांबायला 48 मीटरच्या आसपास लागतात. 80 ला हेच अंतर 74 मीटर होतं. 1 टक्क्यावर लावलेल्या डिपरची आडवी कड 70 मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे नीट लावलेला डिपरसुद्धा 80 च्या वेगाला तोकडा पडतो. समोरचे ओरडतात म्हणून गॅरेजमध्ये फोकस अंदाजाने पाडून घेतला आणि तो अडीच टक्क्यांवर गेला, तर उजेड 28 मीटरवरच संपतो. मग 60 लाही ट्रॉली वेळेत दिसत नाही. फार खाली पाडलेला फोकस फार वर ठेवलेल्या फोकसइतकाच धोक्याचा असतो.

सपाट जागा आणि भिंत

फोकस तपासायला सपाट जमीन आणि गाडीपुढे 10 मीटरवर भिंत लागते. साताऱ्यात अशी जागा शोधणं हे सगळ्यात कठीण काम आहे, कारण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या गावात सपाट वाटणारी जागाही बहुतेकदा सपाट नसते. एमआयडीसीतल्या गोदामापुढचं काँक्रीट किंवा मंगल कार्यालयाचं पार्किंग त्यातल्या त्यात बरं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाण्याने भरून घ्या आणि मागच्या चाकाची जागा, पुढच्या चाकाची जागा आणि भिंतीचा पाया अशा तिन्ही ठिकाणी पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच येते ते मोजा. तिन्ही जागा एका सरळ रेषेत असल्या म्हणजे झालं. सगळीकडे सारखाच उतार असेल तरी चालतो. पण गाडी उतारावर आणि भिंतीपुढची जमीन सपाट असेल, तर अडीच मीटरच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) चाकांत पडलेला 1 सेंमीचा फरक 10 मीटरवरच्या भिंतीवर 4 सेंमी होतो. सगळा हिशेब 10 सेंमीचा असताना हे चालणार नाही.

गाडी तयार करा. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, टाकीत निम्म्याहून जास्त इंधन, डिकीत नेहमीचं सामान. चालकाच्या जागेवर 75 किलोचा माणूस बसवा किंवा तेवढं वजन ठेवा. डॅशबोर्डवर फोकस वर-खाली करणारं चक्र असेल तर ते 0 वर ठेवा. पुढून आणि मागून गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं.

मग गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून काटकोनात उभी करा. काचेवर बल्बच्या समोर बहुतेकदा छोटा ठिपका किंवा फुली असते, तो दिव्याचा मध्य. दोन्ही मध्य भिंतीवर उतरवा आणि प्रत्येकातून एक उभी चिकटपट्टी लावा. मध्यांच्या उंचीवर एक आडवी पट्टी लावा आणि तिच्या 10 सेंमी खाली दुसरी. दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर 1.2 टक्के असं छापलेलं असेल तर दुसरी पट्टी 12 सेंमी खाली घ्या. छापील आकडाच खरा मानायचा. आता स्टिअरिंग न वळवता 10 मीटर सरळ मागे या. जागा कमी असेल तर 5 मीटरवरही जमतं. तेव्हा दोन आडव्या पट्ट्यांमधलं अंतर निम्मं, म्हणजे 10 ऐवजी 5 सेंमी घ्यायचं, पण मोजण्यातली चूक दुपटीने महागात पडते.

एका वेळी एकच दिवा बघा. दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरा. हॅलोजन दिव्यावर कापड टाकून तसंच ठेवू नका, प्लास्टिकची काच तापते. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि दुसरा डावी-उजवीकडे हलवणारा. काहींना लांब दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो, काहींना 8 किंवा 10 चा पाना. आधी आडवी कड खालच्या पट्टीवर आणा. मग कोपरा, म्हणजे जिथे सपाट रेघ संपून चढ सुरू होतो तो बिंदू, त्या दिव्याच्या उभ्या पट्टीवर आणा. कोपरा उजवीकडे सरकला तर चढती कड समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जाते. एक अंश चुकला की 10 मीटरवर साडेसतरा सेंमी सरकतात, म्हणून स्क्रू पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा. एच-4 मध्ये अप्पर वेगळा लावावा लागत नाही, डिपर जागेवर आला की तोही येतो.

कड जुळतच नसेल तर

कड अस्पष्ट किंवा तिरपी दिसली तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. एच-4 च्या चकतीला तीन कान असतात, ते आपापल्या खाचेत बसून तारेची क्लिप पक्की लागली पाहिजे. फोकस गाडी चालू असताना थरथरत असेल तर आतली प्लास्टिकची गोळी किंवा ॲडजस्टर तुटलेला असतो. तो बदलल्याशिवाय स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

चढती कड डावीऐवजी उजवीकडे दिसत असेल, तर तो दिवा उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे. अपघातानंतर जुन्या बाजारातून दिवा घेताना हे घडतं. युरोपीय नियमाच्या काचेवर खूण असते: समोर उभं राहून बघितल्यावर उजवीकडे रोखलेला बाण म्हणजे आपल्यासारख्या डाव्या वाहतुकीसाठी, बाणच नसेल तर उजव्या वाहतुकीसाठी. असा दिवा स्क्रूने सुधारत नाही, तो परत करा.

वजन भरल्यावर फोकस वर जातो. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी मागे अडीच सेंमी बसली की 1 टक्क्याचा सगळा उतार संपतो आणि उजेड आडवा जातो. घरची पाच माणसं आणि बॅगा घेऊन पसरणीचा घाट चढायच्या आधी डॅशबोर्डवरचं चक्र 1 किंवा 2 वर आणा, म्हणजे फोकस खाली येतो. परत रिकामी गाडी चालवताना ते 0 वर न्यायला विसरू नका, नाहीतर लांबचं दिसत नाही.

व्होल्टेज

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातानुसार बदलतो. 13.2 ऐवजी 12 व्होल्ट पोचले तर उजेड जवळपास 28 टक्के कमी होतो, 11.5 वर तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. पिवळट, मरगळलेला डिपर बहुतेक वेळा जुन्या वायरिंगचा असतो. इंजिन चालू ठेवून डिपर लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर, मग बल्बच्या होल्डरवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी अर्थिंगचा बोल्ट काढून पत्रा घासा आणि काळवंडलेला होल्डर बदला. तरी फरक राहिला तर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा, डिपरला एक आणि अप्परला एक. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून 2.5 चौरस मिमीची वायर द्या, तिच्यावर बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून त्याच जाडीची वायर बल्बला. 85 आणि 86 पैकी एकाला जुन्या होल्डरची वायर, दुसऱ्याला अर्थ. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, तिथे ही जोडणी चालत नाही, म्हणून आधी टेस्ट लॅम्पने तपासा. दिव्यांवर संगणक लक्ष ठेवतो अशा नव्या गाड्यांत हे काम स्वतः करू नका.

काच आणि रिफ्लेक्टर

पिवळी पडलेली पॉलिकार्बोनेटची (प्लास्टिकची) काच उजेड नुसता अडवत नाही, तो पसरवते. कडेच्या वर धूसर उजेड चढतो, समोरच्याला दिपवतो आणि रस्त्यावर कमी पडतो. भोवती मास्किंग टेप लावून 800, 1000, 1500, 2000 आणि 3000 नंबरचे पॉलिशपेपर पाणी घालत क्रमाने वापरा, मग बफ करा. त्यावर अतिनील किरणांना टिकणारा दोन भागांचा क्लिअर कोट मारणं सक्तीचं समजा. तो नसेल तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते, कारण मूळचा संरक्षक थर तुम्हीच घासून काढलेला असतो. जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या खऱ्या काचेला पॉलिशपेपर लावू नका. तिच्या आतल्या रेषाच उजेड पसरवतात. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो फडक्याने पुसला की कायमचा गेला. धूळ फक्त हलक्या हवेने उडवा.

मगच बल्ब

चांगल्या कंपनीचा 60/55 वॅटचा बल्ब घ्या, काचेला बोट लावू नका. 100/90 वॅटचे बल्ब होल्डर वितळवतात आणि रिफ्लेक्टर भाजतात. हॅलोजन दिव्यात घालायचे एलईडी बल्ब टाळाच. रिफ्लेक्टर त्या बारीक तारेच्या जागेसाठी कोरलेला असतो. रिफ्लेक्टरचं केंद्रांतर (तळापासून केंद्रबिंदूपर्यंतचं अंतर) 25 मिमी असेल आणि उजेडाचा उगम 1 मिमी सरकला, तरी किरण सव्वादोन अंशांहून जास्त वळतात, म्हणजे 10 मीटरवर 40 सेंमी. गाडीजवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून चालकाला उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण त्या चकाकीने डोळे लांबच्या अंधाराला सरावत नाहीत आणि ट्रॉली उशिराच दिसते. कंपनीतूनच एलईडी आलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी, त्याचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्याच चिपसाठी बनवलेलं असतं.

महाबळेश्वर-कासच्या पावसाळी धुक्यात अप्पर लावू नका, थेंब तो उजेड परत डोळ्यांवर फेकतात. फॉगलॅम्प बंपरच्या खालच्या भागात, डोळ्यांच्या रेषेपासून जितके दूर बसतील तितके चांगले, आणि त्यांचा फोकस डिपरपेक्षा खाली.

मोटारसायकलसाठी हीच भिंत आणि हाच 1 टक्का, फक्त गाडी स्टँडवर लावून मोजू नका. चालवणारा सीटवर बसलेला, गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी आणि बाजूने कोणीतरी धरलेली हवी. मागे रोज कोणी बसत असेल तर त्याला बसवूनच फोकस लावा. बऱ्याच मोटारसायकलींच्या 35/35 वॅटच्या एचएस-1 बल्बमध्येही तशीच वाटी असते, पण अनेक गाड्यांवर कड दोन्ही बाजूंना सपाट दिसते. तिथे कोपरा शोधत बसू नका, उजेडाचा मध्य उभ्या पट्टीवर आणा.