याकोब-एसाव वाचताना या चुका टाळा

याकोब आणि एसाव हे बायबलमधले जुळे भाऊ, एसाव थोरला. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 33वा अध्याय निघाला की सगळे थेट त्यांच्या मिठीवर जातात. याकोब सात वेळा वाकला, एसाव धावत आला, भावाच्या गळ्यात पडला, दोघे रडले, झाला समेट! आणि मग तेवढ्याच ओळींवरून कुणी कुणापुढे वाकायचं हे ठरवून मोकळे होतात. सर्वांत घातक चूक हीच.

एका घरगुती शास्त्राभ्यासाला एक तरुण वक्ता आला होता. समोर दोन भाऊ, जमिनीवरून अबोला धरलेले. थोरल्याने धाकट्याचा वाटा दाबलाय, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक. वक्त्याने धाकट्यालाच सांगितलं, "याकोबासारखं सात वेळा नमन कर, भाऊ विरघळेल." तो बिचारा मान खाली घालून बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, आधी 27वा अध्याय काढा." मोठ्याने वाचायला लावलं. भावाचे कपडे घालून, हातांना करडांचं कातडं लावून, दृष्टी गेलेल्या बापाकडून एसावाचा आशीर्वाद लाटला तो याकोबाने. म्हणून जमिनीपर्यंत वाकला तोही याकोबच. ज्याचं गेलं त्याने वाकावं, असं तिथे कुठेही नाही. थोरला त्या दिवशी चहालाही थांबला नाही.

दुसरं, याकोबाने एसावाला आधी पाठवलेल्या नजराण्याची यादी गाळू नका. 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडण्या म्हणजे उंटिणी, 40 गायी, 10 बैल, 20 गाढवी, 10 गाढवं. मी प्रत्येकाला पेन्सिलीने समासात बेरीज करायला लावतो: 550, सांडण्यांची पिल्लं वेगळी. फसवणूक दोन करडांवर झाली होती, आणि यादीची सुरुवातही शेळ्यांनीच होते. नुसत्या गोड शब्दांवर याकोबाने भागवलं नाही.

एसाव 400 माणसं घेऊन येतोय म्हणून याकोब घाबरला होता, हे खरं. पण भीती होती म्हणून नम्रता खोटी ठरत नाही.

एसावाला रानगट म्हणून मोडीत काढू नका. आधी नजराणा नको म्हणत "माझ्याकडे पुष्कळ आहे" म्हणणारा तोच.

समेट झाला म्हणजे एका घरात राहायलाच हवं, असंही नाही. एसावाच्या मुलखात, सेईरला येतो म्हणून याकोब गेला दुसरीकडे, सुक्कोथला. तरी बापाला, इसहाकाला, मूठमाती दोघांनी मिळून दिली.

याकोबाचा मुलगा योसेफ, ज्याला भावांनी विकलं होतं, त्याच्या गोष्टीत घाईवाले 45व्या अध्यायावर, योसेफ भावांना जवळ घेतो तिथेच, पुस्तक मिटतात. पुढे याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) 17 वर्षं जगला, आणि तो वारताच भाऊ पुन्हा घाबरले, योसेफाकडे क्षमेसाठी निरोप धाडला. तो ऐकून योसेफ रडला. इतक्या वर्षांनीही त्यांचा विश्वास बसला नव्हता. 50व्या अध्यायाचं हे शेवटचं पान वाचल्याशिवाय क्षमेवर प्रवचन द्यायला उभं राहू नका.