स्वस्त बर्बन चाखताना या चुका टाळा

ग्लासात चार खडे बर्फ, तोंडात तिखट शेव, समोर मॅच आणि पहिल्या घोटाला निकाल: "नुसती गोड आहे, वर घसा जाळते." अशा पद्धतीने चाखली तर महागडी बाटलीही नापास होईल.

उदाहरणाला एव्हन विल्यम्स ब्लॅक घेऊ. केंटकीतल्या हेवन हिल कंपनीची, 43 टक्के अल्कोहोलची ही बर्बन (म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) अमेरिकेत 20 डॉलरच्या आतबाहेर मिळते. लेबलवर 86 प्रूफ दिसलं की काहीजण दचकतात, कारण आपल्याकडच्या बाटलीवर 75 प्रूफ वाचायची सवय असते. पण अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, आणि आपलं 75 जुन्या ब्रिटिश मापाचं, म्हणजे 42.8 टक्के. दोन्ही जवळपास सारख्याच कडक.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिला स्कॉचची फूटपट्टी लावणं. बर्बनच्या धान्यात कायद्याने किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. त्यामुळे गोडवा, व्हॅनिला, कॅरमेल हा तिचा स्वभावच आहे. धुराचा वास शोधत बसू नका. गोडव्याच्या मागून काय येतं ते बघा: राय धान्याचा मिरीसारखा झणका, ओकचा तुरटपणा, भाजल्या शेंगदाण्याचा भास? मागून काहीच आलं नाही, तर तक्रार रास्त आहे.

वयाचंही तेच. लेबलवर 12 चा आकडा नाही म्हणून नाक मुरडू नका. नवं लाकूड आणि केंटकीचा उन्हाळा मिळून पिंपाचा अर्क लवकर उतरवतात. फार वर्षं ठेवलेली बर्बन कधीकधी लाकूड चघळल्यासारखी कडवट लागते. शिवाय लेबलवर 'स्ट्रेट' हा कायदेशीर दर्जा लिहिलेली बर्बन चार वर्षांपेक्षा कोवळी असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय आणि वय नाही, तर ती किमान चार वर्षांची आहे. रंगावरून मात्र फार अर्थ काढू नका.

फक्त स्पिरिटचाच वास येतोय? मग बहुतेक नाक ग्लासात खुपसलंय. तोंडाशी निमुळता होणारा छोटा वाइन ग्लास घ्या (खास ग्लास विकत आणायची गरज नाही), त्यात 30 मिली ओता आणि पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग नाक काठाच्या जरा वर धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा. पहिला घोट जीभ ओली करण्यापुरता, मत बनवायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला. एवढं करूनही नेलपॉलिशसारखा वास राहिला, तर तो व्हिस्कीचा दोष म्हणून खुशाल मोजा. ग्लासाला भांड्याच्या साबणाचा वास नाही ना, तेही बघा. हा घोळ वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे.

दोन बाटल्यांची तुलना करताना कडकपणातला फरक विसरला जातो. एव्हन विल्यम्सचीच व्हाइट लेबल 'बॉटल्ड इन बाँड' आहे, म्हणजे 1897 च्या कायद्यानुसार किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर 50 टक्क्यांची. ती ब्लॅकशेजारी ठेवली की भरदार वाटणारच. आधी दोन्ही कोऱ्या चाखा, मग व्हाइटच्या 30 मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घाला. ती साधारण 43 वर येते. आता जो फरक उरेल तो चवीचा. ग्लास दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा, कारण किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते.

बर्फ आणि चकणा नंतर. थंडीने वास दबतो आणि तिखटाने जीभ. मध्ये साधं पाणी, हवा तर पावाचा तुकडा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त नमुने नकोत, चौथ्याला सगळंच छान लागतं.

नव्या बाटलीचा पहिला पेग आवडला नाही तर आठवड्याने परत चाखा. तेव्हाही कोरी रुचली नाही तर सोड्यात बघा, या किमतीच्या बर्बन बहुतेक वेळा मिसळूनच प्यायल्या जातात. ही परीक्षा कोलामध्ये घेऊ नका, त्यात चांगली-वाईट सगळी झाकली जाते.