शाळेची सहल राष्ट्रीय उद्यानात: मुलं खरंच शिकतील अशी कशी आखावी

राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या मुलांना घरी पहिला प्रश्न असतो, "काय काय दिसलं?" वाघ, अस्वल, हत्ती असं काही दिसलं नसेल तर दिवस फुकट गेला असं मुलांना वाटतं आणि मोठ्यांनाही. मोठं जनावर दिसणं हा नशिबाचा भाग आहे, त्याच्या भरवशावर सहल आखूच नये. मुंग्यांची रांग, कुजलेला ओंडका, पाखरांचे आवाज, ओल्या मातीतले ठसे हे मात्र जवळजवळ हमखास भेटतं, आणि त्यात शिकण्यासारखं भरपूर असतं. त्यासाठी माझा आग्रह एकच: थोडं चाला आणि एका जागी जास्त वेळ थांबा.

१. आधी प्रश्न ठरवा, मग वाट

"जंगलाची माहिती घेणे" हा उद्देश फार ढोबळ झाला. दिवसासाठी एकच प्रश्न घ्या. झाडावरून पडलेल्या पानांचं पुढे काय होतं? झाडाखाली आणि उघड्यावर तापमानात किती फरक पडतो? पहिल्या प्रश्नातून अन्नसाखळी आणि विघटन येतं, दुसऱ्यातून मोजमाप, सरासरी आणि आलेख. भाषेच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. समोरची वस्तू पाहत लिहिलेलं वर्णन वर्गात बसून लिहिलेल्या निबंधापेक्षा कितीतरी जिवंत उतरतं.

२. उद्यानाशी बोला आणि स्वतः फिरून या

परवानगी मागताना संकोच करू नका. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने राष्ट्रीय उद्यानांसाठी केलेल्या व्याख्येत जैवविविधतेच्या रक्षणाबरोबर शिक्षणाचाही उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे. अनेक उद्यानांत माहिती केंद्र, प्रशिक्षित वाटाडे आणि शाळांसाठी तयार उपक्रम असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत 'ज्युनियर रेंजर' नावाची उपक्रमपुस्तिका मिळते. ती पूर्ण करणाऱ्या मुलांना बिल्ला देतात. तुमच्या उद्यानात असं काही आहे का, ते विचारून घ्या.

फोनवरच्या माहितीवर मात्र थांबू नका. मुलांना न्यायच्या वेळेलाच, त्याच वाटेने एकदा चालून या. सावली कुठे आहे, स्वच्छतागृह किती लांब आहे, पाणी मिळतं का, मोबाइलला रेंज कुठे जाते, गाडी कुठपर्यंत येते हे पाहा. चाकाच्या खुर्चीतलं मूल वर्गात असेल तर त्याला जाता येईल तीच वाट सगळ्या वर्गासाठी निवडा. एकाला केंद्रात बसवून बाकीचे पुढे गेले, असं होऊ देऊ नका. दोरी लावून चौकोन आखायला, पालापाचोळा हलवायला परवानगी आहे का, हेही याच फेरीत विचारा.

३. कागदपत्रं आणि गट

पालकांची लेखी संमती, संपर्क क्रमांक, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी, कोणाला दमा ही यादी गटप्रमुखाच्या खिशात हवी, नुसती शाळेच्या कपाटात नको. पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. या मोठ्यांना एक गोष्ट बजावून सांगा: उत्तर देण्याची घाई करू नका, "तुला काय वाटतं?" असं विचारा.

४. मैदानावर रंगीत तालीम

दोरीचा चौकोन आखणं, थर्मामीटर वाचणं, वहीत तारीख, वेळ, जागा आणि हवामान लिहिणं, दुर्बीण डोळ्यांना लावणं हे सगळं आधी शाळेच्या आवारात करून घ्या. नाहीतर जंगलातला पहिला तास दुर्बिणीवरून भांडण्यात जातो.

५. प्रत्यक्ष दिवस

सकाळी लवकर पोहोचा, तेव्हा पक्षी जास्त बोलके असतात. सुरुवात ध्वनिनकाशाने करा. प्रत्येकाने कागदाच्या मध्यभागी फुली मारायची. ती फुली म्हणजे आपण. दहा मिनिटं गप्प बसायचं आणि आवाज ज्या दिशेने, जितक्या अंतरावरून येईल तिथे खूण करायची. पहिली काही मिनिटं चुळबुळ होते, ती होऊ द्या. मग मुलांच्याच लक्षात येतं की एक पक्षी बोलला की दुसरीकडून उत्तर येतं, आणि लांबच्या रस्त्यावरची गाडीही इथे ऐकू येते. हा शेवटचा शोध मुलांनाच लावू द्या.

दुसरं काम एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाचं. दोरीने आखलेल्या एवढ्याशा जागेत एक गट किमान अर्धा तास बसतो. वरची सुकी पानं, खाली अर्धवट कुजलेली, त्याखाली फक्त शिरांची जाळी उरलेली आणि सगळ्यात खाली काळी माती: पानाचा सगळा प्रवास वितभर खोलीत उलगडतो. किड्यांचे पाय मोजायला सांगा. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी किंवा त्याचा नातेवाईक. शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असेल तर ती गोम. बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतील तर तो वाणी किडा. गोम चावते, वाणी कुजलेला पाला खातो. काडीने हलकेच पान उचलायचं, हात घालायचा नाही, आणि पाहून झालं की पान होतं तसं ठेवायचं.

मोठ्या मुलांना झाडाची उंची मोजायला द्या. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी हात ताठ करून उभी धरायची. काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकायचं. जमीन सपाट असेल तर तिथून झाडापर्यंतचं अंतर साधारण झाडाच्या उंचीएवढं भरतं. समरूप त्रिकोण इथे हातात येतात. जमिनीपासून 1.3 मीटरवर बुंध्याचा घेर मोजून त्याला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो.

ओली माती दिसली की ठसे शोधा. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या ठशात नखं सहसा उमटतात. मांजरकुळातले बहुतेक प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून ती दिसत नाहीत. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

मुक्कामी सहल असेल तर रात्री रातकिड्यांची किरकिर मोजा. हवा उबदार असेल तशी ती वेगाने होते. एमॉस डॉल्बेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1897 साली या वेगावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं.

६. नियम कारणासकट सांगा

काहीही उचलून न्यायचं नाही, अगदी पडलेलं पीससुद्धा. "सक्त मनाई आहे" यापेक्षा "हा ओंडका भुंग्याच्या अळ्यांचं घर आहे" हे वाक्य मुलं जास्त पाळतात. प्राण्यांना खायला द्यायचं नाही. अंतराचा नियम प्रत्येक उद्यानाचा वेगळा असतो. अमेरिकेत 1872 मध्ये स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल आणि लांडग्यापासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, तर बाकी बहुतेक प्राण्यांपासून 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर लांब राहावं लागतं. तुमच्या उद्यानाचा आकडा विचारून तेवढं अंतर शाळेच्या मैदानावर चालून दाखवा. वाट बदलताना दरवेळी डोकी मोजा.

७. परत आल्यावर

पुढच्या दोन-तीन दिवसांतच वह्या उघडा, आठवण ताजी असते. चौकोनांची तुलना करा, तापमानाचा आलेख काढा. ओळख न पटलेल्या झाडा-किड्यांचे फोटो 'सीक' (Seek) या फोटोवरून जीव ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून पाहता येतात. त्याला खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहान मुलांसाठी ते बरं. पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका.

शेवटी नोंदींची एक प्रत उद्यानाच्या कार्यालयात पाठवा, आणि जमलं तर ऋतू बदलल्यावर त्याच वर्गाला त्याच जागी पुन्हा न्या. चौकोनांच्या जागा नकाशावर लिहून ठेवल्या असतील तर दुसऱ्या फेरीची निम्मी तयारी तिथेच झालेली असते.